किलोमागे दहा

मागील महिन्यापेक्षा वजन कमी आहे. खात्री आहे का?
(होय) (दुरुस्त करा)

*

वय अधिक चार, गुणिले दोन.

*

बाजाराच्या दिवशी सलाइनच्या दोन प्रकारच्या बाटल्या लावून मिळतात. पांढरी नुसती, पिवळी ताकदीची. पिवळीत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलेलं असतं. त्याने लघवी पिवळी होते. म्हणजे ताकद आल्याचा पुरावा दुसऱ्या दिवशी सकाळी घरबसल्या मिळतो.

*

स्लाइड क्रमांक चौदा : मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे.
स्लाइड क्रमांक पंधरा : जेवणाची सुट्टी.

*

देवगोईच्या घाटात पिकअपच्या मागे बसायची पद्धत ठरलेली आहे. बायका केबिनला टेकून, पुरुष कडेच्या लोखंडी नळीवर, मुलं मध्ये. वळणावर सगळे एकाच अंगाला कलतात, कारण दरी कोणालाच बघायची नसते.

*

फ्रॉक, नग तीन. निळा, पिवळा, आणि लाल वेलवेटचा, बाह्यांना लेस.

*

वजनकाटा, मोठ्यांचा, नग एक. सकाळी नऊ वाजता स्पर्धेच्या मंचावर ठेवण्यासाठी नेला. परत आणण्याची जबाबदारी : सही वाचता येत नाही.

० मि.लि.

पिकअप उलटली दहा वाजून पन्नास मिनिटांनी. साडेअकराला घाटाखालच्या ग्रामीण रुग्णालयात चौदा माणसं आली. बारा जणांना खरचटलं होतं, एकाचा हात मोडला होता. चौदावी रिना, वय पाच. ती रडत नव्हती, म्हणून डॉ. हेमकांत बाकीच्या तेरा जणांना ओलांडून आधी तिच्याकडे गेले. रडणारं मूल थोडं थांबू शकतं, हे कुठल्या स्लाइडवर नव्हतं. ते त्यांना दोन वर्षांच्या नोकरीत कळलं होतं.

डावी मांडी मोडलेली. पोट डावीकडे कडक. नाडी एकशे सत्तर. हातपाय गार, ओठ मातकट. आत कुठेतरी, बहुधा पाणथरी म्हणजे प्लीहा फाटून, रक्त वाहत होतं. बाहेर एक थेंब दिसत नव्हता.

तिला रक्त हवं होतं. रक्त नंदुरबारला होतं, दीड तासावर. इथे सलाइनच्या बाटल्या होत्या, आणि त्या मात्र हव्या तेवढ्या होत्या.

मुलाच्या शिरेत जे सोडायचं ते किलोच्या हिशेबाने सोडायचं असतं. कमी सोडलं तर रक्तदाब कोसळतो आणि मूल रस्त्यात जातं. जास्त सोडलं तर अंगातलं उरलंसुरलं रक्त पातळ होतं, आत धरू लागलेली गुठळी सुटते, आणि मूल रस्त्यात जातं. दोन्ही वाक्यांचा शेवट एकच, त्यामुळे सगळा भार सुरुवातीच्या आकड्यावर. वजन किती?

रुग्णालयाचा वजनकाटा अक्कलकुव्याला स्पर्धेच्या मंचावर होता. उंचीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी दोन आठवड्यांपूर्वी प्रशिक्षणात मिळाली होती. ती कपाटात होती, कपाटाची किल्ली भांडारपालाकडे, भांडारपाल मंडपात. तान्ह्या बाळांचा काटा होता, पण तो दहा किलोच्या पुढे नुसत्या रेघा दाखवायचा.

मग डॉक्टरांनी विचारलं, हिचं वजन कोणाला माहीत आहे? रिनाला छातीशी धरून आत आणणारी बाई पुढे झाली. मोगराबाई, वरच्या पाड्याच्या अंगणवाडी सेविका. कपाळावर टेंगूळ आलेलं, साडीला चिखल, फोन मात्र पदराखाली शाबूत. त्यांनी अ‍ॅप उघडलं, रिनाचं नाव काढलं आणि फोन डॉक्टरांसमोर धरला. अठरा किलो शंभर ग्रॅम. हिरव्या रंगात.

डॉ. हेमकांत रनाळ्याचे, सधन शेतकऱ्याघरचे, सरकारी कागदावर अर्धाच विश्वास ठेवणारे. म्हणून त्यांनी मनात सूत्रही करून पाहिलं. वय पाच, अधिक चार, गुणिले दोन. अठरा. दोन साक्षीदार, एकमेकांना कधी न भेटलेले, आणि जबानी एकच. डॉक्टरांना बरं वाटलं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, किलोमागे दहा मिलिलिटर, पुन्हा तपासा, फार तर आणखी दहा, मग रक्त. रक्त जवळ नसेल तर काय, ती स्लाइड जेवणानंतरची होती. दीड तासाचा रस्ता लक्षात घेऊन डॉक्टरांनी वीसने गुणलं. तीनशे साठ.

२० मि.लि.

ग्रेसी सिस्टर नवापूरकडच्या, नोकरीला बावीस वर्षं झालेल्या. बाटली त्यांनी आधी गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून कोमट केली. गार पाणी गारठलेल्या मुलात घातलं तर रक्त गोठायचंच विसरतं, एवढं त्यांना प्रशिक्षणाशिवाय माहीत होतं. शीर तिसऱ्या खेपेला, कोपराच्या खोलगटात सापडली. बाटली आणि नळी यांच्यामध्ये त्यांनी मुलांसाठीचं ते खुणा केलेलं काचेसारखं नळकांडं लावलं. त्यात किती उतरलं ते दिसतं.

मग पोट नीट बघायचं म्हणून त्यांनी कात्री घेतली. लाल वेलवेट कापलं. खाली पिवळा फ्रॉक निघाला. तो कापला. खाली निळा. अपघातात आलेल्यांच्या अंगावरून ग्रेसी सिस्टरनी आजवर काय काय उतरवलं होतं, पण सप्टेंबरच्या उकाड्यात एकावर एक तीन फ्रॉक पहिल्यांदाच. त्यांनी मोगराबाईंकडे पाहिलं. मोगराबाईंनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं.

निळ्या फ्रॉकखाली रिना होती. मघा दिसत होती त्याहून बरीच कमी.

डॉक्टरांनी तिच्या दंडाभोवती अंगठा आणि मधलं बोट नेलं. बोटं एकमेकांना भेटली आणि वर थोडी जागा उरली. त्यांनी पुन्हा विचारलं, अठरा नक्की ना? मोगराबाई म्हणाल्या, नक्की, सर, अ‍ॅपमध्येच आहे. निघण्याआधी काही खाल्लं-प्यायलं का, या प्रश्नाला त्यांनी दोन केळी आणि दोन पेले पाणी असं उत्तर दिलं. एवढं पाणी कशाला, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. वजन भरावं म्हणून, हे त्यांना सुचणंही शक्य नव्हतं.

रिना अक्कलकुव्याला सुदृढ बालक स्पर्धेला निघाली होती. अंगणवाडीतून तिचा पहिला नंबर आला होता.

५० मि.लि.

मोगराबाईंचा फोन वाजला. दीपमाला मॅडम, पर्यवेक्षिका, मंडपातून बोलत होत्या. त्यांनी आधी पोरगी कशी आहे ते विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज फाटला. तो प्रश्न खरा होता. मग त्यांनी दवाखान्यात वजन कोणतं सांगितलं ते विचारलं. तोही प्रश्न खरा होता. अ‍ॅपमध्ये आहे तेच सांगा, ताई, दोन ठिकाणी दोन आकडे नकोत, पेपरवाले आलेत इथे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दीपमाला मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या डोक्यावर एक साहेब होते, साहेबांच्या डोक्यावर दर महिन्याची आढावा बैठक. बैठकीत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा पडायचा, त्यात पाडे तीन रंगांत दिसायचे. लाल पाड्याच्या सेविकेला रोज घरभेट, रोज फोटो, आठवड्याला अहवाल, आणि सर्वांदेखत उभं राहून खुलासा. हिरव्या पाड्याच्या सेविकेला चहा. मूल लाल झालं की बाईही लाल होते, हे मोगराबाई पहिल्या वर्षी शिकल्या. दुसऱ्या वर्षापासून मुलं महिन्याला दोनशे ग्रॅमने वाढू लागली, पावसाळ्यातसुद्धा, आईबाप ऊसतोडीला गेले असतानासुद्धा. वरच्या पाड्यावरचं कुपोषण दीड वर्षात संपलं. मुलं होती तशीच राहिली.

खरी वजनं मोगराबाई शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. पण जादा अंडं कोणाला द्यायचं हे ठरवायला कुठेतरी खरा आकडा लागतोच. वही आत्ताही त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

रिनाच्या बापाला, दिवाल्याला, यातलं काही माहीत नव्हतं. तो दाराशी उभा होता. कोपर सोललेलं. त्याचं सगळं लक्ष नळकांड्याकडे होतं. शेजारच्या खाटेवर कालपासून जुलाबाचा एक माणूस होता, त्याला अख्खी बाटली थेट लावलेली होती आणि दुसरी उशाशी तयार होती. आणि मरायला टेकलेल्या त्याच्या पोरीला हे लोक पाव नळकांडं देत होते.

९० मि.लि.

रक्तदाब थोडा वर आला. पोटही वर आलं. बेंबीच्या रेषेत डॉक्टरांनी मघाशी पेनाने खूण केली होती, टेपने पुन्हा घेर मोजला, दोन सेंटिमीटर वाढला होता. हाताच्या सुईच्या जागेतून पातळ गुलाबी पाझरायला लागलं. ग्रेसी सिस्टरनी कापूस दाबून धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या की सर, ही पोरगी अठराची नाही, माझी धाकटी पहिलीत असताना अठराची होती, ती मला कडेवर घेववत नव्हती. हिला मी एका हाताने सरकवली.

डॉक्टरांनाही ते दिसत होतं. पण नव्वद गेलं होतं, दोनशे सत्तर जायचं होतं, आणि अठरा हा आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहिला होता. लिहिलेल्या आकड्याला माणूस दोन मिनिटं जास्त धरून राहतो. त्यांनी नळीवरचं चाक फिरवून धार थांबवली आणि मोगराबाईंना कोपऱ्यात घेतलं. स्टाफशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलत. आता ते घरातलं बोलले.

"ताई, मन्हाकडे देख. वजन कितलं शे?"

मोगराबाईंची घरची बोली भिली, हपिसाची मराठी. अहिराणी त्यांनी बाजारात ऐकून ऐकून कानात साठवलेली. बाजारात हा प्रश्न त्यांना हजार वेळा विचारला गेला होता, आणि तिथे त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

त्या म्हणाल्या, "सांगितलं तर माझी नोकरी जाते, सर."

"ना सांगशील तर पोर मरी जाई."

हे त्यांनी ओरडून सांगितलं नाही. भाव सांगावा तसं सांगितलं.

मोगराबाईंनी पिशवीतून वही काढली. पान शोधायला वेळ लागला, कारण चिखलाने पानं चिकटली होती. बोट ठेवलं आणि वाचलं नाही, पाठ होतं तसं म्हणाल्या, "बारा किलो नऊशे. काल सकाळी. मीच केलं. फ्रॉक काढून."

हिशेब करताना डॉक्टरांचे ओठ हलतात. तीनशे साठ भागिले बारा पॉइंट नऊ. किलोमागे अठ्ठावीस. म्हणजे त्यांनी ठरवलेलं सगळं आत गेलं असतं तर रिनाच्या अंगात रक्ताऐवजी रक्ताच्या रंगाचं पाणी फिरलं असतं, आणि केसपेपर अगदी बिनचूक राहिला असता.

किलोमागे दहा. एकशे तीस. चाळीस उरलं. मग बंद.

केसपेपरवरचे अठरा त्यांनी खोडले. शेजारी १२.९ लिहून सही केली. रक्त थांबवायचं इंजेक्शन नव्या वजनाने भरलं. सूत्राचं काय चुकलं, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. सूत्र बरोबरच होतं. ते भरपेट जेवणाऱ्या मुलांवरून काढलेलं होतं, आणि मोगराबाईंचं खोटंही त्याच मुलांकडे बघून रचलेलं होतं.

१३० मि.लि.

चाळीस गेलं आणि ग्रेसी सिस्टरनी चाक जवळपास बंद केलं. शीर बुजू नये इतपत, मिनिटाला चार-पाच थेंब. बाटलीत अजून अर्ध्याहून जास्त पाणी होतं.

दिवाल्या तेव्हा आत आला. इतका वेळ तो गप्प होता, कारण काहीतरी चढत होतं. पेशंट बघायला आलेला माणूस पहिल्यांदा किती बाटल्या चढल्या हेच विचारतो. एक म्हणजे साधा आजार, तीन म्हणजे डॉक्टर चांगला. अर्धी बाटली लावून थांबवली, याचा अर्थ त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, त्याची आई गेली तेव्हा. त्याने डॉक्टरांना विचारलं की पोरगी गेली का. नाही म्हटल्यावर विचारलं, मग बंद का केली. बाटली आमच्याकडून आणायची असेल तर सांगा, मी आणतो. दोन आणतो. पिवळी आणतो.

डॉक्टरांनी त्याला गुठळी, दाब, पातळ होणं, असं सगळं तीन वाक्यांत समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, साहेब, सुकलेल्या पिकाला तुम्ही पाणी तोडता.

मग मोगराबाई त्याच्याशी भिलीत बोलल्या. आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "दिवाल्या, अंगणवाडीत पोरं वाढली की मी डाळीत पाणी घालते. पातेलं भरतं. पण डाळ तेवढीच राहते ना? तुझ्या पोरीची डाळ सांडली आहे. पाण्याने पातेलं भरू नको."

दिवाल्या म्हणाला, "म्हणजे तू डाळीत पाणी घालतेस."

"घालते," मोगराबाई म्हणाल्या.

त्या दिवसातला हा त्यांचा दुसरा कबुलीजबाब. यावर मात्र कोणी काही लिहून घेतलं नाही.

१३० मि.लि.

रुग्णालयात डॉक्टर एकच, आणि अकरा जखमी अजून बाकी, त्यामुळे डॉ. हेमकांतना रिनासोबत नंदुरबारला जाता येणार नव्हतं. गाडीत ग्रेसी सिस्टर, दिवाल्या आणि मोगराबाई. चालवायला छगन, तळोद्याचा, जो बोलण्याच्या वेगाने गाडी चालवायचा, आणि बोलायचा फार.

सिस्टरचा एक हात ऑक्सिजनच्या मास्कवर, दुसरा फळ्यांत बांधलेल्या मांडीवर. नळीवरचं चाक ढिलं होतं, खड्डा आला की आपोआप उघडायचं. म्हणून त्यांनी मोगराबाईंना सांगितलं की अंगठा या चाकावर ठेवा, आणि नंदुरबार येईपर्यंत काढू नका. देव बोलावतोय असं वाटलं तरी काढू नका.

मोगराबाईंनी अंगठा ठेवला.

पहिल्या पाच मिनिटांत फोन वाजला. उजवा हात चाकावर, डावा रिनाच्या कपाळावर. फोन पिशवीत वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजला. दीपमाला मॅडमसाठी मोगराबाईंनी एक वेगळी धून लावली होती, भजनाची, कारण ती ऐकली की त्यांना उठून उभं राहायची सवय लागली होती. आज गाडीचं छत बसकं असल्यामुळे त्यांना उभं राहता आलं नाही.

१३० मि.लि.

तळोदा गेलं. नाडी एकशे पासष्ट.

१३० मि.लि. आणि काही थेंब

तापीवर, हातोड्याच्या पुलाशी, गाड्यांची रांग. छगन खाली वाकून पुढे बघत म्हणाला, "पुलवर एकच बाजू चालू शे. मी काढी लेस, तुम्हू पोरकडे देखा." आणि त्याने भोंगा लावून गाडी उलट बाजूने घातली.

भोंग्याने रिनाने डोळे उघडले. तिने पाणी मागितलं.

पाणी देता येत नव्हतं, पोट उघडायला लागलं तर ते रिकामं हवं. ग्रेसी सिस्टरनी ओठांना ओला कापूस लावला. रिनाने तो चोखायचा प्रयत्न केला आणि पुन्हा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा दिवाल्याचा हात वर गेला. तोंडाने देत नाहीत तर शिरेतून तरी. तिच्या डोक्यावर बाटली टांगलेली होती, पाण्याने भरलेली, आणि एक म्हातारी होत चाललेली बाई नळीवर अंगठा धरून बसली होती.

त्याने मोगराबाईंचं मनगट धरलं. तो ऊस तोडणारा माणूस. त्याला फार जोर करावा लागला नसता.

मोगराबाई म्हणाल्या, "दिवाल्या, तिचं वजन तुला माहीत आहे?"

तो थांबला. त्याला माहीत नव्हतं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

यात पटण्यासारखं काय होतं, ते सांगता येत नाही. पण त्याने मनगट सोडलं, आणि मग दुसरं काही करायला नव्हतं म्हणून त्याने त्यांच्या हाताला खालून आधार दिला. पूल संपेपर्यंत अंगठा त्यांचा, आधार त्याचा, असं ते चाक बंद राहिलं. फोन पुन्हा भजन म्हणू लागला.

१३० मि.लि., अधिक

नंदुरबारला दारातच डॉ. अजित म्हणून तरुण डॉक्टर होते. हेमकांतांचा फोन येऊन गेला होता, रक्ताची तयारी झाली होती. रक्तही किलोमागे दहा. डॉ. अजितनी सोबत आलेली केसपेपरची चिठ्ठी पाहिली, १२.९. मग अंगणवाडीच्या नोंदीतला मुलीचा नंबर संगणकात घातला, तर पडद्यावर १८.१. चिठ्ठीवर खाडाखोड, पडद्यावर स्वच्छ हिरवं. त्यांनी विचारलं, हे खोडलेलं कोणाच्या सांगण्यावरून? रक्त आहे, सलाइन नाही, मला कोणाचं तरी नाव लागेल.

प्रश्न रास्त होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं असतं तरी उत्तर मिळालं असतं, आणि त्यांनी पाहिलंही. पण पडद्यावर असलेल्या आकड्याविरुद्ध नुसतं बघणं पुरत नाही.

ग्रेसी सिस्टर म्हणाल्या, माझं लिहा. मोगराबाई म्हणाल्या, तुम्ही कुठे वजन केलंय. त्यांनी पेन मागितला. पण अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटल्यासारखे झाले होते, पेन धरता येईना. डाव्या हाताने त्यांनी चिठ्ठीच्या खाली लिहिलं : वजन १२.९ मी स्वतः केले आहे. अ‍ॅपमधले मी स्वतः भरले आहे. मग सही. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं, पण वाचता येत होतं.

रक्त दुपारी दोनच्या आत सुरू झालं. एकशे तीस. संध्याकाळी पोटाचा घेर वाढायचा थांबला. पाणथरी काढावी लागली नाही. अकराव्या दिवशी रिना मांडीला प्लास्टर घालून पाड्यावर परत आली, दिवाल्याच्या खांद्यावर.

मोजमापाबाहेर

स्पर्धा ठरल्याप्रमाणे पार पडली. मंचावर वजनकाट्याला हार घालण्यात आला. निकाल यादीवरून लागला. अनुपस्थितीत प्रथम : कु. रिना दिवाल्या, वजन १८.१ कि.ग्रॅ. प्रमाणपत्र पाड्यावर पोचलं ते प्लास्टरच्या आधी. दिवाल्याने ते भिंतीला लावलं. त्याच्या मते मुलीने ते कमावलं होतं.

त्याच टपालात मोगराबाईंना नोटीस होती.

*उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या केंद्रातील लाभार्थी बालिकेचे वजन दि. १६ रोजी प्रणालीनुसार १८.१ कि.ग्रॅ. असताना दि. १७ रोजी रुग्णालयीन कागदपत्रांत आपल्या स्वाक्षरीने १२.९ कि.ग्रॅ. नमूद आहे. एका दिवसात ५.२ कि.ग्रॅ. वजन कमी कसे झाले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.*

कार्यालयातल्या एका सहृदय कारकुनाने त्यांना बाजूला घेऊन सुचवलं की अपघातात रक्त गेलं असं लिहा. पाच किलो रक्त, कोण मोजायला बसलंय. मोगराबाईंनी ग्रेसी सिस्टरना फोन करून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तिच्या अंगात सगळं मिळून रक्त एक लिटर. मग दोघी थोडा वेळ फोनवर हसल्या, आणि हसणं लांबलं तशी सिस्टरनी फोन ठेवून दिला.

दीपमाला मॅडम स्वतः घरी येऊन गेल्या. चहा घेतला. त्या म्हणाल्या की माझी सही तुमच्या सहीच्या वर आहे, ताई, तुम्ही जे लिहाल ते मला धरून लिहाल. मोगराबाईंनी त्यांना कपात आणखी साखर हवी का ते विचारलं.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन मोगराबाई अक्कलकुव्याला झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. नोटीस रिनाची होती, म्हणून ओळही फक्त रिनाची हवी होती. दुकानदाराने पानावर वरून एक आणि खालून एक असे कोरे कागद ठेवले, मधली एक ओळ उघडी सोडली आणि झाकण पाडलं. पांढऱ्या कागदाच्या मध्यावर एकच ओळ आली : नाव, वय, १२.९. त्याखाली मोगराबाईंनी लिहिलं : वजन कमी झालेले नाही. आधीपासून एवढेच आहे. कार्यालयाने शिक्का मारून पोच दिली. खुलासा अपुरा आहे असं पत्र महिन्याने आलं. त्यावर निर्णय व्हायचा आहे. तोवर त्यांना वजनाचं काम न देता डाळ शिजवण्याचं काम देण्यात आलं आहे.

सोमवार दि. १६ रोजी, सकाळी आठ ते साडेदहा, वरच्या पाड्यावर पाच वर्षांच्या नऊ मुलांची वजनं झाली. रिना त्यांत सगळ्यांत जड होती.